वेधशाळा काय म्हणते?

पावसाळ्याच्या दिवसांत चार बिऱ्हाडांचें एक कुटुंब सकाळच्या चहाला एकत्र बसलें, म्हणजे वर्तमानपत्रांतील ज्या एका चौकटीवर सर्वांचें एकमत होतें ती हवामानाची. राजकारणावर काका-पुतण्यांचें पटत नाहीं, बाजारहाटावर जावाजावांचें पटत नाहीं. परंतु ‘तुरळक ठिकाणीं हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता’ हें वाक्य कोणीं मोठ्यानें वाचलें, कीं आजोबांपासून शाळकरी नातवापर्यंत सारे एका सुरांत हंसतात. ‘वेधशाळेनें पाऊस सांगितला आहे, तेव्हां छत्री घरीं राहिली तरी चालेल’ हा विनोद पुण्यांत फार जुना आहे. आमच्या वडिलांच्या तोंडीं तो होता, आणि त्यांनीं तो त्यांच्या वडिलांकडून घेतला असावा. आम्हीही तो अनेक वेळां केला आहे. या महिन्यांत मात्र त्या चौकटीविषयीं थोडें गंभीरपणें लिहावें असें आमच्या मनांत आलें आहे. तें कां, हें ओघानें येईलच.

आरंभ त्या थट्टेच्या शब्दापासूनच करूं. ‘तुरळक ठिकाणीं’ हे शब्द वाचून आपणांस वाटतें, कीं लिहिणारानें स्वतःसाठीं पळवाट ठेवली आहे; पाऊस आला तर सांगितलाच होता, आणि न आला तर तुरळक म्हटलेंच होतें! वस्तुस्थिति तशी नाहीं. हवामानखात्याच्या परिभाषेंत या शब्दास ठरलेला अर्थ आहे. एकाद्या विभागांत जेवढीं पर्जन्यमापक ठाणीं असतील, त्यांपैकीं शेंकडा २५ पर्यंत ठाण्यांवर पाऊस होण्याचा संभव असेल तर ‘तुरळक ठिकाणीं’. २६ ते ५० असेल तर ‘कांहीं ठिकाणीं’. ५१ ते ७५ असेल तर ‘बऱ्याच ठिकाणीं’. आणि त्याहून अधिक असेल तर ‘बहुतांश ठिकाणीं’. म्हणजे तुरळक पाऊस सांगितला असतां चार पेठांपैकीं तीन पेठा कोरड्या राहिल्या, तर अंदाज चुकला नसून बरोबर आला! मुसळधार या शब्दाचेंही तसेंच. आपण घरीं पागोळ्या जोरानें वाहूं लागल्या कीं मुसळधार म्हणून मोकळे होतों. खात्याच्या हिशेबीं चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर झाल्यावांचून ती पदवी मिळत नाहीं, ११५.६ पासून पुढें ‘अति मुसळधार’, आणि २०४.४ ओलांडल्यावर ‘अत्यंत मुसळधार’.

हे मिलिमीटर पुष्कळांस कोरडे वाटतात. त्यांचा घरगुती हिशेब असा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडलें. आपल्या घराची गच्ची दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असेल, आणि दिवसभरांत शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका गच्चीवरून दहा हजार लिटर पाणी पन्हाळींतून खालीं जातें. उन्हाळ्यांत ज्या टँकरसाठीं चिटणीस मंडळी फोनवर फोन करीत असतात, तो अख्खा टँकरच हा! आणखी एक बारकावा असा, कीं पावसाचा दिवस मध्यरात्रीं संपत नाहीं, सकाळीं साडेआठ वाजतां संपतो. काल सकाळच्या साडेआठांपासून आजच्या साडेआठांपर्यंत पात्रांत जें साठलें तें आजच्या तारखेस लिहावयाचें, असा शिरस्ता आहे. ‘आपल्याकडे काल एवढा कोसळला आणि पेपरांत दोनच मिलिमीटर’ हा नित्याचा वाद बहुधा या साडेआठांमुळें उत्पन्न होतो.

हवेचें वर्तमान जाणण्याची उत्कंठा कांहीं नवी नाहीं. मृगाचें वाहन यंदा बेडूक आहे कीं उंदीर, आर्द्रा कशावर बसून येते, हस्त गाजेल कीं कोरडा जाईल, हें पंचांगांतून पाहून शेतकऱ्यास सांगणें हें आमच्या घराण्यांतून पिढ्यान् पिढ्या होत आलेलें काम. परंतु आमच्या पूर्वजांनीं नुसतीं वाहनें पाहिलीं असें समजणें अन्यायाचें होईल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठारापुढें ठराविक मापाच्या तोंडाचें भांडें ठेवून पाऊस मोजण्याची आज्ञा आहे, आणि अश्मक, अवंती इत्यादि देशांत किती द्रोण पाऊस होतो याची यादीही आहे. मोजण्याची ही बुद्धि मध्यंतरीं कोठें गेली, आणि वाहनें तेवढीं कां उरलीं, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अर्वाचीन काळीं वादळाच्या मागें लागलेला आपल्या देशांतील पहिला नामांकित गृहस्थ मात्र टेबलाशीं बसून त्याचा माग काढणारा होता. हेन्री पिडिंग्टन हा एके काळचा जहाजावरील कप्तान कलकत्त्यास स्थायिक झाला, आणि बंगालच्या उपसागरांत वादळांत सांपडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या गोळा करूं लागला. कोणत्या तासाला वारा कोणत्या दिशेचा होता, पारा किती उतरला, हें वहीवहींतून काढून त्यानें नकाशावर मांडलें, आणि वादळ म्हणजे सरळ धांवणारा वारा नसून सापाच्या वेटोळ्यासारखा फिरणारा वारा होय असें खलाशांस समजावून सांगितलें. ‘सायक्लोन’ हा जगभर रूढ झालेला शब्द त्यानेंच १८४८ सालीं त्या वेटोळ्यावरून बनविला. पुढें मातला नदीच्या मुखाकडे सरकार नवें बंदर बांधणार असें कळल्यावर १८५३ सालीं त्यानें गव्हर्नर जनरलांस पत्र लिहिलें, कीं ही जागा वादळाच्या लाटेच्या तोंडीं आहे, येथें बंदर बांधूं नये. बंदर बांधलें गेलें. पिडिंग्टन १८५८ सालीं वारला; आणि १८६७ च्या नोव्हेंबरांत आलेल्या वादळानें व लाटेनें तें कॅनिंग बंदर मोडून टाकलें. या गोष्टींत आम्हांस जें लागतें तें हें, कीं त्याचें गणित चुकलें नव्हतें. तें ऐकणारे नव्हते.

मध्यंतरीं ५ ऑक्टोबर १८६४ रोजीं खुद्द कलकत्त्यावर वादळ येऊन साठ हजारांच्या घरांत माणसें मेलीं. अशा अनर्थांनंतर, आणि पाठोपाठच्या दुष्काळांनंतर, १८७५ सालीं हिंदुस्थानचें हवामानखातें स्थापन झालें. त्याचें ठाणें आधीं कलकत्त्यास, मग सिमल्यास, आणि १९२८ सालीं तें सिमल्याहून उठून आमच्या शिवाजीनगरांत आलें. घड्याळाच्या मनोऱ्याची ती दगडी इमारत आणि तिच्यापुढील चौक यांस पुणेकर आजतागायत ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. बाहेरगांवच्या पाहुण्यास पुण्यांत सिमला कसें, हें बसच्या रांगेंत उभें राहून समजावून सांगण्याचा प्रसंग प्रत्येक पुणेकरावर एकदां तरी आलेला असतो. १९४४ सालीं मुख्य ठाणें दिल्लीस गेलें, तरी निरीक्षणांच्या नोंदींचें, यंत्रांचें, शेतीविषयक हवामानाचें व मान्सूनच्या अभ्यासाचें पुष्कळसें काम पुण्यासच राहिलें.

या खात्याच्या इतिहासांत सिमल्याचे गिल्बर्ट वॉकर यांचें नांव मोठें आहे. १८९९ च्या दुष्काळाचें कोडें पुढें असतां हे गणिती गृहस्थ १९०४ सालीं येथें आले, आणि जगभरच्या हवेच्या दाबाचीं कोष्टकें घेऊन बसले. आमच्या आषाढांतील पावसाचा धागा पॅसिफिक महासागराशीं जुळलेला आहे, हें त्यांच्या आंकडेमोडींतून दिसूं लागलें. त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनीं, १९८८ सालीं, पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह सोळा घटकांवरून मान्सूनचें भाकित करण्याची रीत बसविली, आणि तेव्हां घरोघरीं त्या सोळांची चर्चा होत असे. ऋतूचें भाकित हा एक प्रकार झाला. उद्यां दुपारीं वादळ कोठें येईल हें सांगणें हा निराळाच प्रकार आहे, आणि त्यासाठीं कोणास तरी वादळाजवळ जावें लागतें.

जवळ जाण्याच्या या धाडसाची एक कथा अमेरिकेंतील आहे. २७ जुलै १९४३ रोजीं टेक्सासच्या किनाऱ्यावर वादळ आलें असतां जोसेफ डकवर्थ नांवाच्या वैमानिक-शिक्षकानें, सहकाऱ्यांशीं लागलेल्या पैजेमुळें, शिकाऊ वैमानिकांसाठीं असलेलें लहानसें एका इंजिनाचें विमान थेट वादळांत घातलें. मार्गदर्शक म्हणून राल्फ ओहेअर हा बरोबर होता. दोघे वादळाच्या डोळ्यांत शिरले, वर निरभ्र आकाश पाहून सुखरूप परत आले. आणि खालीं उतरतांच तळावरील हवामान-अधिकाऱ्यानें हट्ट धरला, कीं मलाही घेऊन चला. डकवर्थ त्यास घेऊन त्याच दिवशीं पुन्हां आंत गेला! पैजेंतून सुरू झालेलें हें वेड पुढें शास्त्र झालें, आणि आतां तिकडे वादळांत विमान पाठविणें हा नित्यक्रम आहे.

त्याच देशाच्या मधल्या सपाट प्रांतांतून दरवर्षीं चक्रवाती भोंवरे उठतात. त्यांच्या मागें मोटारी घेऊन धांवणारी एक जातच तेथें निर्माण झाली आहे. डेव्हिड होडली यानें १९५६ सालीं तरुणपणीं हा छंद सुरू केला, आणि मग त्यास अनुयायी पुष्कळ मिळाले. त्यांतील कांहीं केवळ देखावा पाहणारे, कांहीं छायाचित्रें विकणारे, आणि थोडे खरोखर मोजणारे. टिम समारास हा या शेवटच्या थोड्यांतला. भोंवऱ्याच्या वाटेंत आपलें यंत्र ठेवावयाचें आणि तेथून निघून जावयाचें, ही त्याची रीत. २००३ च्या जून महिन्यांत दक्षिण डकोटांत त्याच्या यंत्रावरून भोंवरा गेला, तेव्हां हवेचा दाब क्षणांत शंभर मिलिबार उतरल्याची नोंद झाली. इतकी सावधगिरी बाळगणारा हा मनुष्य ३१ मे २०१३ रोजीं ओक्लाहोमांतील एल रेनो येथें एका भोंवऱ्यांत मोटारीसह सांपडला, आणि त्याचा मुलगा व एक सहकारी यांसह मरण पावला. भोंवऱ्यानें दिशा बदलली, आणि त्याची रुंदी चार किलोमीटरांवर गेली होती.

हें वाचून आपल्याकडे असें कोण करतो, असें आमच्या तरुण वाचकांस वाटेल. आपल्याकडे वादळाच्या मागें जाणें बहुतकरून गाजावाजा न होतां चालतें. शिवाजीनगरास दिवसांतून दोन वेळां हायड्रोजनचा पांढरा फुगा आकाशांत सोडतात. जगभरच्या ठाण्यांशीं मेळ राहावा म्हणून त्याची वेळ आपल्या घड्याळांत पहांटे साडेपांच व सायंकाळीं साडेपांच यांच्या सुमारास येते. त्याच्याखालीं टांगलेलें हलकें यंत्र उष्णता, ओलावा आणि दाब वर जातां जातां रेडिओनें खालीं कळवीत राहतें. वीस-तीस किलोमीटर उंचीवर फुगा फुटतो, आणि यंत्र वाऱ्याबरोबर कोठल्या तरी शिवारांत येऊन पडतें. अशीं यंत्रें एके काळीं सर्व परदेशांतून येत. त्रावणकोरच्या ॲना मणी या पदार्थविज्ञानाच्या पदवीधर बाई इंग्लंडांत यंत्रविद्या शिकून १९४८ सालीं पुण्याच्या या कचेरींत दाखल झाल्या, आणि शंभराच्या आसपास हवामान-यंत्रांचे नकाशे प्रमाणित करून तीं येथें बनविण्याची व्यवस्था त्यांनीं लावली. चुकीचें मापन करण्यापेक्षां मापन न केलेलें बरें, अशी त्यांची करडी दृष्टि होती असें सांगतात. त्या २००१ सालीं वारल्या. आमच्या कन्याशाळांतून त्यांची तसबीर अजून दिसत नाहीं याचें आम्हांस नवल वाटतें.

आणि प्रत्यक्ष ढगांत शिरणारेही पुण्याचेच आहेत. १९६२ सालीं स्थापन झालेली पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था २००९ पासून यंत्रांनीं भरलेलीं विमानें ढगांत धाडीत आली आहे. डॉ. थारा प्रभाकरन यांच्या नेतृत्वाखालीं २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापुराहून हीं उड्डाणें झालीं. घाटापलीकडील पर्जन्यछायेच्या मुलुखांत ढग जमतात पण पडत नाहींत, हें दुःख सोलापूरकरांइतकें कोणास ठाऊक? तेथील २७६ ढग निवडून त्यांतील कांहींवर मीठ-क्षारांचा धूर सोडण्यांत आला, आणि उरलेले तुलनेसाठीं तसेच सोडण्यांत आले. जेथें बीजारोपण झालें तेथून वाऱ्याच्या दिशेनें शंभर चौरस किलोमीटरांत सरासरीनें शेंकडा १८ पाऊस अधिक झाल्याचा निष्कर्ष निघाला. उन्हाळी ढगांत विमान असें हेलकावे खातें, कीं आंत बसणारास पोटांतील अन्न सांभाळणें कठीण जातें. याच संस्थेनें वीज कोठें पडते आहे हें टिपणारीं यंत्रें देशभर बसविलीं, आणि ‘दामिनी’ नांवाची सोय मोबाइलवर करून दिली. आसपासच्या टापूंत वीज पडत असली तर ती सूचना देते. विजेनें आपल्या देशांत दरवर्षीं दोन हजारांहून अधिक माणसें मरतात, आणि त्यांतील बहुतेक शेतांत किंवा झाडाखालीं असतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही सोय किरकोळ नव्हे.

इतके लोक इतकी धडपड करतात, आणि शेवटीं तयार होतें तें काय? वर्तमानपत्रांतील चार ओळींची ती चौकट. तिचा उपयोग होतो कीं नाहीं हें मात्र धडपडणाऱ्यांच्या हातीं राहात नाहीं. २९ ऑक्टोबर १९९९ रोजीं ओडिशावर महावादळ आलें, तेव्हां दहा हजारांच्या आसपास लोक मेले. त्याच प्रांतांत १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं फायलिन नांवाचें तसेंच घोर वादळ आलें. आधीं सुमारें दहा लाख माणसें किनाऱ्यापासून हलविण्यांत आलीं होतीं, आणि मृतांची संख्या पन्नासांच्या आंत राहिली. मधल्या चौदा वर्षांत उपग्रह व रडार सुधारले हें खरें. पण पक्क्या निवाऱ्यांचीं घरें उभीं राहिलीं, गांवोगांव भोंगे लागले, आणि ‘चला’ म्हटलें कीं उठून चालूं लागण्याची संवय लोकांस लागली, हेंही तितकेंच खरें.

आतां आमच्या घरची गोष्ट. जून २०२० च्या आरंभीं ‘निसर्ग’ वादळ कोंकणावर येत असल्याची सूचना दोन दिवस सारखी चालली होती. टाळेबंदीमुळें सारें कुटुंब घरांतच होतें. आदल्या संध्याकाळीं धाकट्या सुनेनें सुचविलें, कीं गच्चीवरील पत्रा दोराने बांधून घ्यावा. आम्ही नेहमींचा छत्रीचा विनोद केला, आणि पुण्यास वादळ कसलें येतें, तें अलिबागचें प्रकरण आहे, असें म्हणून झोंपलों. ३ जूनच्या दुपारीं वादळ अलिबागच्या दक्षिणेस ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगानें किनाऱ्यावर चढलें, आणि घाट ओलांडून त्याचा वारा पुण्यावर आला. रस्तोरस्तीं झाडें उन्मळून पडलीं. आमचा पत्रा सुटला आणि दोन घरें ओलांडून एका अंगणांत पडला. त्या अंगणांत रोज त्या वेळीं एक लहान मूल खेळत असे. पावसामुळें तें आंत होतें. त्या दिवसापासून आमच्या घरांत तो विनोद झालेला नाहीं.

कोंकणांत ज्यांचीं मूळ घरें आहेत त्यांस त्या दिवसाची हकीकत सांगावयास नको. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या बाजूंच्या सुपारीच्या व नारळीच्या वाड्या, ज्या आजे-पणज्यांनीं लावल्या, त्या एका दुपारीं आडव्या झाल्या. सूचनेनें झाड वांचत नाहीं, माणूस वांचतें. किनाऱ्यावरील हजारों लोक आधींच हलविलेले होते. पुढल्याच वर्षीं, १७ मे २०२१ रोजीं, तौक्ते वादळांत मुंबई हायजवळ कामगारांनीं भरलेला पी-३०५ हा तराफा बुडाला, आणि सत्तरांच्या आसपास माणसें प्राणांस मुकलीं. वादळाच्या सूचना त्यापूर्वीं कित्येक दिवस निघत होत्या.

पुण्याच्या जवळचीं उदाहरणें आम्हांस अधिक बोंचतात. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर खचला, आणि दीडशेंच्यावर माणसें गाडलीं गेलीं. गांव नाहींसें झाल्याची पहिली बातमी बाहेर आणली ती त्या वाटेनें जाणाऱ्या एस. टी. च्या चालकानें, नेहमींचें गांव जागेवर दिसेना म्हणून! २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं कात्रजच्या बाजूस पावसानें कहर केला, आंबिल ओढ्यास लोंढा आला, आणि वीसांहून अधिक जीव गेले. शहराच्या दुसऱ्या टोकाचे लोक त्या वेळीं टी. व्ही. पाहात स्वस्थ बसलेले होते; ओढा शहरांतून वाहतो हेंच अनेकांस दुसऱ्या दिवशीं कळलें.

दोष सर्वस्वीं ऐकणाऱ्यांचा असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. अंदाज जिल्ह्याचा असतो आणि आपण राहतों गल्लींत. आपला एकच पुणें जिल्हा घ्या: ताम्हिणी घाटांत वर्षास सहा हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, शहरांत सातशेंच्या आसपास, आणि बारामती-इंदापुराकडे त्याहून पुष्कळ कमी. अशा जिल्ह्यास एकच रंग देणें म्हणजे घरांतील सर्वांस एका मापाचा सदरा शिवण्यासारखें आहे. अलीकडे घाटमाथ्याचा अंदाज वेगळा देतात हें बरें झालें. शिवाय वळवाचा ढग अर्ध्या तासांत उभा राहतो आणि तासाभरांत रिकामा होतो. तो आदल्या दिवशीं नेमक्या पेठेचें नांव घेऊन कोणी सांगूं शकत नाहीं. त्यासाठीं रडार पाहून पुढल्या तीन तासांपुरती निराळी सूचना निघते. ती सकाळच्या वर्तमानपत्रांत येत नाहीं. मोबाइलवर येते, आणि घरांतील मोठ्या माणसांचे मोबाइल बहुधा उशीखालीं असतात.

रंगांविषयींही घोटाळा फार दिसतो. हिरवा म्हणजे कांहीं करावयास नको. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारींत राहा. आणि तांबडा म्हणजे हातपाय हालवा. पुष्कळ लोक तांबड्याचा अर्थ शाळेला सुटी एवढाच घेतात, आणि सुटी मिळाली म्हणजे मुलांस घेऊन धबधबा पाहावयास निघतात! खडकवासल्यांतून पाणी सोडलें, कीं भिडे पुलापाशीं कठड्याला रेलून चित्रण करणारांची गर्दी आम्ही दरवर्षीं पाहतों. ओक्लाहोमांत वादळामागें धांवणारा निदान काय करतों आहे हें जाणून जात होता. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील धबधब्यांत पुण्यांतील एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलें होतीं. रविवार होता, घरचीं सारीं मिळून सहलीस गेलीं होतीं, जशीं आपण जातों. वर डोंगरांत पाऊस वाढला, आणि खालीं गुडघ्याएवढें असलेलें पाणी पाहतां पाहतां चढलें. धबधब्याखालीं उभें राहणारास वरचा ढग दिसत नसतो.

संयुक्त कुटुंबांत प्रत्येक कामास एक माणूस नेमलेलें असतें. दूध कोणीं घ्यावयाचें, एकादशी कधीं आहे हें कोणीं पाहावयाचें, गॅसचा नंबर कोणीं लावावयाचा, हें ठरलेलें असतें. हवेची सूचना मात्र सर्वांच्याच मोबाइलवर येते, आणि म्हणून कोणाचीच नसते. आमच्या घरीं निसर्ग वादळानंतर हें काम एका पुतणीकडे दिलें. ती तेव्हां चौथींत होती. पावसाळ्यांत रोज संध्याकाळीं दिवेलागणीला, परवचा संपल्यावर, ती शिवाजीनगरचा अंदाज मोठ्यानें वाचते: रंग कोणता, घाटावर कोणता, आणि उद्यां कोणीं कोठें जावयाचें आहे. पहिले कांहीं दिवस तिची थट्टा झाली. आतां लोणावळ्यास किंवा सिंहगडावर जावयाचें असलें, तर मोठी माणसेंही आधीं तिला विचारतात. गच्चीवर तिनें पत्र्याच्या जुन्या डब्याचें पर्जन्यमापकही करून ठेवलें आहे. त्याचा आणि सिमला ऑफिसचा आंकडा कधींच जुळत नाहीं, आणि त्यावरून तिचें व आमचें रोज भांडण होतें. काल तिनें पिवळा सांगितला. नवीन पत्रा दोराने आंवळला, दोऱ्यांवरचे कपडे आंत घेतले, आणि पाऊस आला नाहीं. आज पुन्हां पिवळा आहे. दोर अजून तसाच आहे.